एकशे सतरा नंबरचा दिवा

चैत्र संपत आला होता आणि सहा नंबरच्या भिंतीला घाम फुटला होता.

निमाईनं ते सांगितलं तेव्हा आम्ही तिघं सकाळचा पांता भात खात होतो. निमाई माझा धाकटा दीर, जमुना त्याची बायको, आणि मी छबी. आदल्या संध्याकाळी पाण्यात घालून ठेवलेला भात, कांदा आणि भाजलेली सुकी मिरची. त्या उन्हाळ्यात दुसरं काही घशाखाली उतरतच नव्हतं. धवड्यातल्या, म्हणजे खाणकामगारांच्या चाळीतल्या, आमच्या खोलीचे पत्रे सकाळी सातलाच तापायचे.

"बौदी," निमाई मला म्हणाला, "तळहातानं कळत नाही. असा उलटा हात लावायचा, पोराच्या कपाळाला लावतो तसा. ताप आहे भिंतीला."

"बायकोच्या कपाळाला कधी लावला नाहीस," जमुना म्हणाली. "भिंतीला बरा लावतोस."

"तुला कुठला ताप? तू दुसऱ्याला आणतेस."

जमुनानं त्याच्या ताटातली मिरची उचलून घेतली. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि ही दोघं अजून अशी भांडायची. मला ते आवडायचं. माझ्या घरात आवाज होता तो त्यांचाच.

"वास?" मी विचारलं.

"आहे. रॉकेलसारखा. थोडा."

माझा घास हातातच राहिला. खाणीत रॉकेलचा वास आला की समजावं, कोळसा आतल्या आत पेटतोय. सहा नंबरच्या भिंतीपलीकडे जुनं काम होतं. तिथला सुटलेला कोळसा सहा वर्षांपूर्वी आपोआप धुमसायला लागला, म्हणून तो सगळा भाग विटांनी बंद केला. ती भिंत निमाईनंच बांधली होती. खाणीत तो गवंडी होता. हारू मिस्त्रीच्या हाताखाली शिकला, आणि पुढं हारू मिस्त्रीच म्हणायला लागला, की निमाईच्या भिंतीतून मुंगी जाणार नाही.

"दुबेजींना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी स्वतः हात लावून बघितला, वहीत लिहिलं. मॅनेजरनं वही वाचली आणि म्हणाला, चुना मारा."

"चुना?"

"सोमवारी तपासणीचे साहेब येणार आहेत ना. पांढऱ्यावर घाम दिसत नाही म्हणे."

दुबेजी पाळीचे सिरदार. माणसं खाली उतरायच्या आधी छत ठोकून बघणं, वायू तपासणं, कुणाला कुठं पाठवायचं ते ठरवणं, हे त्यांचं काम. माणूस भला, पण वहीत लिहिलं की आपली जबाबदारी संपली असं मानणारा. आमच्या खाणीत सगळेच तसे होते. ज्यानं त्यानं आपापल्या वहीत लिहायचं आणि घरी जायचं.

मलाही त्यांच्यात धरा. मी दिवाघरात होते. माझा नवरा हाराधन छत कोसळून गेला, तेव्हा त्याच्या जागी मला ही नोकरी लागली. दिवाघरात भिंतभर खुंट्या, प्रत्येक खुंटीला नंबर, प्रत्येक नंबरचा एक दिवा. माणूस खाली जाताना खिडकीशी येऊन आपला नंबर सांगतो, मी दिवा देते. दिव्याचं डोकं टोपीला, बॅटरी कमरेला. वर आला की दिवा परत. खुंटी रिकामी म्हणजे माणूस खाली, खुंटी भरली म्हणजे माणूस वर. एवढं सोपं काम. दिवा देताना मी "जपून जा" म्हणायची नाही. हाराधनला रोज म्हणायची, काय उपयोग झाला? मी म्हणायची, "परत आण."

"मासीला माणसाचं काही नाही, दिव्याची काळजी," पोरं चिडवायची.

"दिवा आला की माणूस येतोच त्याच्यामागं," मी म्हणायची. तेव्हा मला हे खरं वाटायचं.

*

त्याच आठवड्यात कार्तिक रजवारचं रजेचं प्रकरण झालं. कार्तिक पहिल्या पाळीचा गवंडी, नंबर एकशे सतरा. निमाई त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होता. कार्तिकचा मुलगा श्रावणात तापानं फणफणला होता. वाचला तर चैत्राच्या संक्रांतीला भोक्ता होईन, असं कार्तिक शिवाला बोलला होता. भोक्ता व्हायचं म्हणजे आठवडाभर उपास, आणि संक्रांतीला पाठीच्या कातडीतून लोखंडी आकडे घालून चरकाच्या उंच खांबावर गरगर फिरायचं. मुलगा वाचला होता. नवस फेडायचा होता.

ऑफिस दिवाघराला लागूनच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"शनिवारी रजा नाही," मॅनेजर म्हणाला. "सहा नंबरला गिलावा आणि चुना व्हायला पाहिजे."

"साहेब, नवस आहे."

"लटकायचंच आहे ना? खाली लटक. देवाला काय, वरून दिसतंच."

कारकून हसले. कार्तिक उपाशी माणूस, ओठ सुकलेले, गळ्यात भोक्त्याचं पिवळं सूत. तो पण हसला. त्याचं ते हसणं मला बघवेना, मी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी तो आमच्या दारात येऊन बसला. काही मागितलं नाही. निमाईनंच विचारलं, "किती वाजता चढणार खांबावर?"

"अकराला."

"मग जा. मी जातो तुझ्या नंबरावर. तसंही ती भिंत माझी आहे, तू तिला नुसता चुना फासशील. मला तिच्या फटी ठाऊक आहेत."

"आणि तुझी पाळी?"

"दोनला वर येईन, मुरमुरे खाईन, परत उतरेन."

आमच्याकडे याला पाळी उसनी देणं म्हणत. आज तू माझ्या नंबरावर, उद्या मी तुझ्या. लग्न, बाळंतपण, पेरणी, सगळं असंच निभायचं. नियमानं तो गुन्हा होता, सापडलं तर दोघांची नोकरी जायची. पण सापडायचं कसं? हजेरी लिहिणारा मुन्शी मान वर न करता नंबर लिहायचा. दुबेजींना माहीत असायचं, ते दुसरीकडे बघायचे. आणि दिवा द्यायची मी.

जमुना म्हणाली, "कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस. नवस त्याचा आणि मर तू."

"प्रसादाचे बत्तासे आणेल तो तुला," निमाई म्हणाला.

कार्तिकनं जाताना माझ्या पायांना हात लावला. मी काही बोलले नाही, म्हणजे हो म्हणाले.

*

शनिवारी सहा वाजता रांग लागली. निमाई सगळ्यांच्या शेवटी आला, दहा मिनिटं मुद्दाम थांबून. गमछा तोंडाला गुंडाळलेला, हातात करणी आणि ओळंबा.

"एकशे सतरा," तो म्हणाला. मुन्शीनं लिहिलं.

मी खुंटीवरून दिवा काढला. "परत आण."

"आणतो मासी," तो म्हणाला. एरवी बौदी म्हणायचा. मुन्शीला ऐकू जावं म्हणून मासी म्हणाला, आणि गमछ्याआडून डोळे मिचकावले. तेवढंच.

त्या दिवशी त्रेचाळीस खुंट्या रिकाम्या झाल्या. 

दहाच्या सुमाराला मला वास आला. खाणीची हवा जिथून बाहेर पडते तो पंखा दिवाघरापासून शंभर पावलांवर. त्याच्या तोंडातून एरवी दमट, कोंदट वारा यायचा. आज त्यात धूर होता, पातळ, निळसर. मी उठून बाहेर आले तोवर भोंगा झाला. तुटक भोंगा, थांबून थांबून. हा भोंगा मी एकदाच ऐकला होता, बारा वर्षांपूर्वी, हाराधन गेला त्या दिवशी.

माणसं वर यायला लागली. खाणीचं तोंड उतरतं होतं, त्यातून खोकत, धडपडत, एकमेकांचे खांदे धरून आली. काहींच्या तोंडाला ओले गमछे. मी खिडकीत उभी राहून दिवे घेत होते आणि खुंट्या भरत होते. कुणी दिवा नुसता फेकला, कुणी माझा हात धरून रडला. दुबेजींना चौघांनी उचलून आणलं. चेहरा लालबुंद, डोळे उघडे आणि शुद्ध नाही. सहा नंबरकडे कुणाला तरी बोलवायला गेले होते म्हणे, वाटेतल्या वळणावर पडले. त्यांना तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांच्या टोपीवरचा दिवा मीच सोडवून घेतला.

अकरा वाजता बेचाळीस खुंट्या भरल्या होत्या. एक रिकामी होती.

"एकशे सतरा," मुन्शी ओरडला. "कार्तिक रजवार, सहा नंबर."

मी खुंटीला धरून उभी राहिले.

तेवढ्यात मागच्या दारानं जमुना आत आली. अनवाणी, पदर कुठं, केस कुठं. तिनं भिंतीकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रिकामी खुंटी दिसत होती.

"दीदी, सांगून टाकते मी. सांगते की तो आहे आत."

मी तिचं तोंड दाबलं. होय, माझ्या या हातानं दाबलं. "गप्प. एकशे सतराला शोधतायत ना ते? रेस्क्यूवाले निघालेत शहरातून. नाव काही का असेना, आत माणूस एकच आहे. त्यांना माणूस सापडणार. निमाई बाहेर आला की मग काय? त्याची नोकरी गेली, कार्तिकची गेली, माझी गेली, तर तिघं खाणार काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. बस जाऊन बायकांत."

मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि गेली.

मी हे आजवर शंभर वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. माझ्या हिशेबात चूक दिसत नव्हती. माणूस एक, नंबर एक, शोधणारे त्याला शोधतायत. एवढंच चुकलं, की कार्तिक जिवंत आहे हे मी त्या हिशेबात धरलंच नाही.

*

मध्ये दोरी बांधून बायकांना लांब थांबवलं होतं, मोहाच्या झाडाखाली. खाली मोहाची फुलं पडून कुजत होती, त्यांचा गोड वास आणि धुराचा वास एक झाला होता. मी मध्येच घागरभर पाणी द्यायच्या निमित्तानं जाऊन आले. तिथं कार्तिकची बायको काजोल छाती बडवून रडत होती. नवस सांगितला तर कार्तिकची नोकरी जाणार, म्हणून ती बिचारी नवरा आत असल्यासारखी रडत होती, आणि रडता रडता चोरून जमुनाकडे बघत होती. चार बायका तिला धरत होत्या, वारा घालत होत्या. जमुना तिच्याशेजारी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. जिचा नवरा आत तिनं गप्प बसायचं, आणि जिचा बाहेर तिनं टाहो फोडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी बघितला, आणि दाबणारा हात माझाच होता.

साडेबाराला बचाव पथक आलं. पाठीवर हवेच्या पेट्या, तोंडावर नळ्या, विषारी वायू कळावा म्हणून दोन पिंजऱ्यांत दोन मुनिया पक्षी. त्यांचा पुढारी तिर्की नावाचा उरांव जमातीचा माणूस, पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. तो दिवाघरात आला आणि त्यानं रिकाम्या खुंटीला बोट लावलं.

"हा एकच?"

"हो."

"नातेवाईक आहे तुमचा?"

माझ्या जिभेवर आलं होतं. शेजारी मुन्शी उभा होता. "नाही," मी म्हणाले.

पाच जण आत गेले. पाऊण तासानं परत आले. वळणापुढं धग होती, एक मुनिया वळणावरच मेली होती. त्यांनी हाका मारल्या, लोखंडी नळावर दगड ठोकला. आवाज आला नाही. तिर्कीनं हवेच्या पेट्या बदलायला सांगितल्या, भरलेल्या पेट्या शहरातून यायच्या होत्या. "अजून एकदा बघू," तो म्हणाला. "मागच्या वाटेनं."

मॅनेजर त्याच्यामागं फिरत होता. वायू वाढतोय, फुटेल, तोंड बंद करा, हवा तोडा, एवढंच त्याचं चाललं होतं. विटा आणि माती तोंडाशी आणून टाकली होती. हारू मिस्त्री करणी घेऊन बसला होता, पण माणूस आत आहे तोवर मी वीट ठेवणार नाही, म्हणाला. तिर्कीनंही मॅनेजरला तेच सांगितलं. म्हणून भिंत थांबली होती. एका माणसाच्या नंबरावर ती थांबली होती.

मी दिवाघरात परत आले. एकशे सतराच्या खुंटीखाली जमिनीवर बसले. देवाचं नाव घ्यावं तर कुठलं, समजेना. ज्याच्यासाठी कार्तिक आकड्यांवर लटकला होता त्याचंच घेतलं.

तिथंच मुन्शी आला. खूप वेळानं आला. मी फळीवरचं घड्याळ पाहिलं, पावणेतीन. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मासी, एकशे सतरा सापडला!"

मी उठले. मुन्शीच्या पाया पडले, खरंच पडले. "कुठं? जिवंत आहे?"

"जिवंत म्हणजे! चरकाच्या खांबावर लटकलाय हरामखोर. युनियनच्या पांडेजींनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, वरून बत्तासे फेकत होता. सकाळी दिवा घेतला, हजेरी लावली आणि मागच्या मागं पसार! इथं त्याची बायको ऊर बडवतेय, आणि तो देवाचा झुला झुलतोय. मॅनेजर साहेबांनी तेव्हाच तोंड बंद करायला सांगितलं. आत कुणी नाही, सुटलो एकदाचे. चला, वहीत लिहा, एकशे सतराचा दिवा गहाळ."

बाहेर कुठंतरी बायका हसत होत्या, रडत होत्या, काजोलला मिठ्या मारत होत्या.

मी धावले. दोरीखालून गेले, पहारेकऱ्यानं हात धरला त्याला चावले. खाणीच्या तोंडात भिंत माझ्या छातीपर्यंत आली होती. हारू मिस्त्री वीट ठेवत होता, सरळ, सुबक, त्याच्या हाताला वाईट भिंत बांधता येतच नव्हती.

"थांबव!" मी ओरडले. "हारूदादा, निमाई आहे आत! कार्तिकच्या नंबरावर निमाई गेलाय! मी दिलाय दिवा, माझ्या हातानं दिलाय!"

हारू मिस्त्रीची करणी खाली पडली.

जमुना माझ्यामागून आली होती. तिनं भिंतीवरून आत वाकून हाक मारली. "अहो! ऐकू येतं का? अहो!" सात वर्षांत तिनं त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. आतून धूर आला आणि ती खोकत मागं पडली.

"चालू ठेव रे," मॅनेजर म्हणाला. "ही बाई खुळी झालीय. यादीत दुसरं कुणी नाही."

तिर्कीनं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"दिवा किती वाजता दिला?"

"सहाला."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही शोधत होतात ना... एकशे सतराला शोधत होतात..."

त्यानं मान हलवली. त्याला कळलं, आणि तो मला रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग शेजारच्या माणसाला विचारलं. तो माणूस काही आकडा बोलला. तिर्कीनं दुसरा पिंजरा मागितला, दोरीला बांधून भिंतीवरून आत सोडला. आम्ही सगळे त्या दोरीकडे बघत होतो. थोड्या वेळानं त्यानं पिंजरा वर ओढला आणि आमच्याकडे पाठ करून तो झाकला.

"मला आत जाऊ द्या," हारू मिस्त्री म्हणाला. "मी म्हातारा आहे. तो पोरगा माझा आहे."

"दहा पावलं जाल, मिस्त्री."

"दहा तर दहा."

"अर्ध्या तासात आत स्फोट होईल," तिर्की म्हणाला. "आगीला हवा मिळत राहिली तर. आत जाणारे पाच आणि इथं उभे सगळे मरतील. तो सहा नंबरला होता, आणि धूर दहाला आला. आई..." त्यानं मला आई म्हटलं. "पहिल्या फेरीत मला ठाऊक असतं, की तिथं खरंच माणूस आहे आणि तो भिंतीकडची मागची वाट जाणणारा आहे, तर मागच्या वाटेनं आधी गेलो असतो. सापडलाच असता असं नाही. पण गेलो असतो."

कुणीच विटेला हात लावेना. शेवटी तिर्कीनं स्वतः करणी उचलली. त्याला भिंत येत नव्हती, वीट तिरकी बसली. ते बघून हारू मिस्त्रीनं त्याच्या हातातून करणी काढून घेतली. रडत रडत त्यानं ती वीट काढली आणि सरळ बसवली. मग पुढची. जमुनाला चार बायकांनी धरलं होतं. त्यांतली एक काजोल होती.

साडेतीनला भिंत पुरी झाली. मी उलटा हात लावून पाहिला. गार होती.

*

दुबेजी चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारले, शुद्धीवर न येता. त्यांनी निमाईला सहा नंबरला पाठवलं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. मुन्शीनं लिहिलं, की बाई गोंधळलेली दिसते. मॅनेजर म्हणाला, दिराच्या नावावर जावेला नोकरी लावायचा हिचा डाव आहे, एकदा नवऱ्याच्या जागी चिकटली, चटक लागली. हे त्यानं माझ्या तोंडावर म्हटलं. मी खुर्चीत बसले होते, मला उठवून उभं करून म्हटलं.

कार्तिकला त्यांनी दोन वाटा दाखवल्या. पाळी उसनी दिली म्हणालास तर नोकरी गेली, शिवाय पोलीस. दिवा घेऊन पळालो म्हणालास तर पंधरा दिवस घरी बसवू. त्यानं अंगठा दिला. दिवा चरकाच्या गर्दीत हरवला, असं लिहून दिलं. मग तो आमच्या दारात आला. पाठीला हळद आणि तूप लावलेलं, फडक्यातून पिवळं उमटलेलं. तो दाराबाहेर मातीत बसून राहिला. हातात कागदाची पुडी होती. बत्तासे होते.

"मासी, मला मारा," तो म्हणाला.

मी मारलं नाही. मारायचं तर आधी कुणाला मारायचं होतं? जमुना बाहेर आली, तिनं पुडी घेतली आणि आत जाऊन देवापुढं ठेवली.

खाली कुणीच निमाईला पाहिलं नसेल असं नाही. दोघंजण अंधार पडल्यावर येऊन मला सांगून गेले, पाहिला होता, गमछा होता, पण चाल त्याचीच. कागदावर सांगाल का म्हटलं, तर गप्प. मी त्यांना नाव ठेवत नाही. गप्प बसायला मीच शिकवलं होतं. तिर्कीच्या अहवालात म्हणे एक ओळ आहे, एका बाईनं असं असं सांगितलं. त्या ओळीचं पुढं काय झालं, माहीत नाही.

माणसांना शेजारच्या खाणीत कामं दिली. माझं दिवाघरही तिकडं हललं.

अकराव्या दिवशी हारू मिस्त्रीनं कुशाच्या गवताचा पुतळा केला. प्रेत नसलं की आमच्यात पुतळा जाळतात. सकाळी बायका जमल्या, जमुनाला तलावावर न्यायला. तिथं तिच्या हातातले शंखाचे चुडे फोडायचे, कपाळावरचा सिंदूर पुसायचा. अकरा दिवस ती रडली नव्हती, भांडली नव्हती, माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्यांतल्या एका म्हातारीनं तिचा हात धरला, ती मुकाट्यानं उठली.

तेवढ्यात ऑफिसचा शिपाई सायकलवरून आला. "निमाई बाउरी कोण? सही पाहिजे."

मी सही केली. पाकीट जमुनानं माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत माझ्यापुढं धरलं.

"वाच."

मी वाचलं. श्री. निमाई बाउरी, गवंडी, दुसरी पाळी. आपण नव्या कामावर रुजू न होता विनापरवाना गैरहजर आहात. हे पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत स्वतः हजर होऊन खुलासा द्यावा. अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. खाली मॅनेजरची सही, गोल शिक्का.

"मेला असं लिहिलंय?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"नाही गं."

"मग काय लिहिलंय? नीट सांग."

"गैरहजर."

जमुनानं म्हातारीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. हळूच, कुणाला दुखू नये असा. "ऑफिस म्हणतंय गैरहजर आहे," ती बायकांना म्हणाली. "शिकलेली माणसं आहेत. शिक्का आहे. मी चुडा कसा फोडू?"

म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. सगळ्याच बघायला लागल्या. कुणीतरी तिला समजवायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मीच होते. हारू मिस्त्री अंगणात पुतळा मांडीवर घेऊन बसला होता. ऊन चढायला लागलं तशा बायका एक एक करून निघून गेल्या.

जमुनानं पत्राची घडी केली आणि देवापुढं बत्ताशांच्या पुडीखाली ठेवली. संध्याकाळी भात शिजवला, निवू दिला, उद्यासाठी पाण्यात घातला. मी टोपात बघितलं. तिघांचा होता.

मी काही बोलले नाही. बोलायची वेळ होती तेव्हा मी तिचं तोंड दाबलं होतं, आता कुठल्या तोंडानं बोलणार?

सकाळी मी तीन ताटल्या मांडल्या.